पाठ फिरवून ऐकणारे इंगळेकाका

इंगळेकाका कार्यक्रम कधी पाहत नसत. गाणं असो, कीर्तन असो, शाळेचं स्नेहसंमेलन असो, ते सगळ्यांत मागे, मंडपाच्या शेवटच्या बांबूपाशी उभे राहत आणि स्टेजकडे पाठ करत. हात मागे बांधलेले, डोळे अर्धवट मिटलेले, मान किंचित डावीकडे कललेली. नवख्या माणसाला वाटे, हा कुणावर तरी रुसला आहे. एकदा एका पाहुण्या गायकाने मध्यंतरात तक्रार केली, "ते गृहस्थ माझ्याकडे पाठ करून का उभे असतात?" काका शांतपणे म्हणाले, "साहेब, तुम्ही गाताय तिकडं, पण पडतंय इकडं. मी कुठं बघू?"

काका माईकवाले होते. इंदूरला महू नाक्याजवळ त्यांचं छोटं दुकान होतं, 'अविनाश साउंड सर्व्हिस'. अविनाश त्यांचा एकुलता मुलगा. तो लहान असतानाच काकू गेल्या होत्या, त्यामुळे घरात आणि दुकानात दोघंच. काकांचे वडील महूला फौजेत वायरलेसवर होते. सोल्डरिंगचं काम काका त्यांच्याकडून शिकले. एप्रिलात महूला जयंतीचं काम, भाद्रपदात इंदूरला गणपतीचं, मधल्या काळात लग्नं आणि सभा. अ‍ॅम्प्लिफायरला ते 'मशीन' म्हणत आणि घरातल्या माणसाबद्दल बोलावं तसं त्याच्याबद्दल बोलत. "आज मशीनचा मूड ठीक नाही, जरा धीमे बोला," असं त्यांनी एका मंत्र्याला सांगितलेलं मी ऐकलं आहे. त्यांची आणखी एक गोष्ट आमच्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होती. 'भैया'चं इंदुरी 'भिया' करत ते म्हणत, "माईक आहे हे लोकांना कळलं, म्हणजे माझं काम बिघडलं भिया. लोकांना वाटलं पाहिजे, की गाणारा कानातच बसला आहे."

मी सुधीर. सुदामा नगरात आमचं घर, आणि माझे वडील तिथल्या मराठी मंडळाचे सचिव. आमच्या पणजोबांनी होळकरांच्या कचेरीत काम केलं होतं आणि वडील ते दर दोन वाक्यांनंतर सांगत. इंगळे आमच्याकडे आले, की त्यांचा कप वेगळा नसतो, हेही ते अभिमानाने सांगत. हे सांगावं का लागतं, असा प्रश्न मला तेव्हा पडला नाही.

अविनाश आणि मी एकाच कॉलेजात होतो. ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्हा दोघांना एका परदेशी बँडचं वेड लागलं होतं. चार पुरुष, केस फुगवून खांद्यापर्यंत सोडलेले, डोळ्यांत काजळ, ओठांना लाली, अंगाला चिकटलेल्या चकचकीत विजारी, आणि गिटारचा आवाज असा, की घरातली भांडी वाजावीत. अविनाशने त्यांचं पोस्टर दुकानात लावलं तेव्हा काकांनी चष्मा काढून पुसला आणि पुन्हा पाहिलं.

"ये लोग किसके ब्याह में जा रहे?"

"बाबा, हा बँड आहे. जगभर चालतो."

"चालू दे. पण याला म्हणावं, इतक्या जोरात ओरडतो तर मग माईक कशाला पाहिजे?" असं म्हणून त्यांनी पोस्टरचा सुटलेला कोपरा स्वतःच खिळ्याने ठोकून दिला.

काकांच्या मशीनच्या आवाजाच्या बटणाशेजारी एक लाल ठिपका होता. अविनाशने शाळेत असताना शेजारच्या घरून नेलपॉलिश आणून तो लावला होता. बाबांनी सांगितलेली हद्द त्याने पक्की केली होती. बटणाची खूण त्या ठिपक्याच्या पुढे न्यायची नाही. दुकानात एवढाच एक नियम होता.

त्या वर्षी गणेशोत्सवात एका बुजुर्ग गायकाचा कार्यक्रम होता. दुपारी मांडणी झाली. काका बॅटरी आणायला गेले. मंडपात अविनाश आणि मी. माझ्या खिशात त्या बँडची कॅसेट होती. मशीनच्या टेपमध्ये ती घातली. सुरुवातीला आवाज बेताचाच होता. मी म्हणालो, "भोंग्यावर एकदा पूर्ण आवाजात ऐकू."

"नको सुध्या. ठिपका."

"काका आहेत कुठे इथे?"

मी बटण फिरवलं. ठिपक्याच्या पुढे, जाईल तिथपर्यंत. अर्धं मिनिट आख्ख्या सुदामा नगराने तो बँड ऐकला असेल. मग जळका वास आला आणि सगळं बंद झालं. भोंग्यांची चारही युनिटं गेली होती. मशीनमधून धूर येत होता.

काका आले, तेव्हा माझे वडीलही पोचले होते. काकांनी मशीनला हात लावून पाहिला आणि विचारलं, "बटण कुणी फिरवलं?"

वडील म्हणाले, "कुणी म्हणजे? तुमच्याच चिरंजीवांनी. घरचं मशीन, बसले असतील खेळत."

मला कुणी विचारलंच नाही. अविनाशने माझ्याकडे पाहिलं. मी हातातल्या कॅसेटच्या रिकाम्या डबीकडे पाहत राहिलो. तो म्हणाला, "मी."

काकांनी त्याच्या तोंडात मारली. एकच, पण मंडळाच्या वीस-पंचवीस माणसांसमोर. मग वडिलांपुढे हात जोडून म्हणाले, "साब, माफी असावी." संध्याकाळी तो बुजुर्ग गायक माईकशिवाय गायला. पुढच्या तीन रांगांपलीकडे काही पोचलं नाही. काका तरीही शेवटच्या बांबूपाशी उभे होते, पाठ करून. ऐकण्यासारखं तिथे काहीच नव्हतं.

पुढच्या वर्षी मंडळाने दुसरा माईकवाला घेतला. अविनाश त्याआधीच गेला होता. मुंबईला बोटीवरच्या रेडिओचं शिक्षण घेऊन तो मालवाहू जहाजावर लागला. त्या दिवसापासून तो बाबांशी बोलला नाही, निघतानाही नाही. माझ्याशीसुद्धा त्या दुपारबद्दल एक शब्द बोलला नाही. त्याची पत्रं मला येत. बंदरांची नावं, हवेची माहिती, जेवणाची तक्रार. बाबांबद्दल काही नसे.

काका महिन्या-दोन महिन्यांनी सायकलवरून आमच्याकडे येत. फाटकाबाहेरच थांबत. "पोराचं काही?" मी सांगे, ठीक आहे. "तब्येत?" ठीक आहे. "बस मग." आणि सायकल वळवत.

दोनेक वर्षांनी जपानच्या एका बंदरावरून एक पाकीट आलं. आत एक कॅसेट. आमचा तोच बँड तिथे आला होता आणि अविनाशने तिकीट काढून, जॅकेटच्या खिशात छोटा रेकॉर्डर लपवून, गर्दीत उभं राहून सगळा कार्यक्रम टेप केला होता. माझ्या आयुष्यात तोवर एवढी मोठी गोष्ट पोस्टाने आली नव्हती. खरं तर रेकॉर्डिंग वाईट होतं. गिटार कुठल्या तरी गोदामातून ऐकू यावी तशी, गाण्यापेक्षा लोकांच्या किंकाळ्या जास्त, मध्येच जॅकेटच्या कापडाची घासघास. पण ते खरं होतं. दुकानात मिळणाऱ्या कॅसेटमध्ये तो बँड गात असे, यात तो समोर उभा होता.

शेवटच्या गाण्याआधी बँड आत जातो. लोक टाळ्या वाजवत, पाय आपटत त्यांना परत बोलावतात. त्या गोंगाटात अचानक मराठी ऐकू आलं. अगदी जवळून, तोंड खिशाशी नेऊन बोलल्यासारखं.

"सुध्या, आता सगळे लायटर पेटवून उभे आहेत. तू पाहिजे होता यार. ऐक. मशीनचं बाबांना सांग. मी नाही सांगणार, तू सांग. त्यांना वाटतं मी केलं. तू सांगितलंस, की मला कळव, मी त्यांना पत्र लिहीन. घरी पण येईन. बस. आले, आले ते."

आणि ड्रम सुरू झाले.

मी ते तीन-चार वेळा ऐकलं. काय वाटलं, ते आज नीट आठवत नाही. भीती म्हणावी, तर तसंही नाही. वडील शेजारच्या खोलीत मंडळाची पत्रं लिहीत होते, एवढं आठवतं.

कॅसेट आल्याचं मी कॉलेजात मिरवलं होतं. इंदूर तेव्हा एवढंसं. आठ दिवसांत काका फाटकाशी आले. या वेळी सायकल भिंतीला टेकवून उभे राहिले.

"टेप आली म्हणतात."

"हो काका. पण नुसता आरडाओरडा आहे. तुम्हाला नाही आवडणार."

"मला गाणं नाही ऐकायचं," ते म्हणाले. "एक कॉपी करून दे भिया. फुरसतीने."

मी कॉपी करून दिली. माझ्याकडे दोन कॅसेटींचा टेप होता. अविनाश बोलायला लागला, की पॉजचं बटण दाबलं. ड्रम सुरू झाले, की सोडलं. अर्धं मिनिटही नव्हतं ते.

कॅसेट घेऊन मी दुकानात गेलो. काकांनी ती लावली, खुर्ची फिरवली आणि टेपकडे पाठ करून बसले. पहिलं गाणं संपायच्या आत म्हणाले, "डावीकडं उभा आहे. खांब आहे बाजूला, आवाज आपटून येतोय. रेकॉर्डर उजव्या खिशात." थोड्या वेळाने म्हणाले, "उंच झाला का रे? का पायरीवर उभा आहे?" मी काय सांगणार? तो बँड ते ऐकतच नव्हते. हजारो माणसांच्या ओरडण्यातून ते एका माणसाचा श्वास शोधत होते. एकदा अविनाश कुणाला तरी धडकून 'सॉरी' म्हणाला. एवढा एकच शब्द. काकांनी तो सहा वेळा मागे नेऊन ऐकला.

मग ती जागा आली. टाळ्या, पाय आपटणं, आणि एकदम ड्रम. ड्रमच्या पहिल्या ठोक्यांखाली नाक ओढल्याचा आवाज होता. काकांची मान हलली. त्यांनी टेप मागे नेली. पुन्हा ऐकलं.

"इथं लाईट गेली होती का?"

"हो."

"तुझ्याकडं, का तिकडं?"

"आमच्याकडे. कॉपी करताना."

"अच्छा." मग म्हणाले, "लाईट बहोत साफ गयी भिया." आणि लगेच, "पोराला सर्दी झाली आहे. ऐकलंस ना?"

लाईट गेली, की टेपचा आवाज एकदम तुटत नाही, तो जड होत, ओढत ओढत बंद पडतो. हे मला माहीत होतं. काकांना माहीत नसणं शक्यच नव्हतं.

त्यानंतर मी जे केलं, ते या कापण्यापेक्षा वाईट होतं. अविनाशला पत्र लिहिलं, की मी बाबांना सगळं सांगितलं. आणि ऐकून ते काही बोलले नाहीत, असंही लिहिलं. एवढंच. चार ओळींचं पत्र होतं. त्याला उत्तर आलं नाही. नंतर एकदा नाताळचं कार्ड आलं, त्यावर नुसती सही. मग तेही थांबलं. कुणाकडून तरी कळलं, की तो जहाज सोडून तिकडेच कुठे तरी राहिला.

वर्षं गेली. मला सरकारी नोकरी लागली, लग्न झालं, मुलं झाली. काकांचं दुकान आक्रसत गेलं. लोकांना भिंती हादरवणारे मोठे स्पीकर हवे होते. काका म्हणत, "आवाज वाढवायला काय लागतं? कमी करायला माणूस लागतो." पण कमी करायला कुणी बोलवत नव्हतं. पाटी मात्र राहिली. मी दिवाळीला जाई, जयंतीला जाई. दुकानात कुणी बसलेलं असलं, की काका ओळख करून देत. "हा सुधीर. माझ्या अविनाशचा दोस्त. भला माणूस." दर वेळी तेच शब्द. मी ते ऐकून घ्यायला शिकलो. माणूस कशालाही सरावतो. ती कॅसेट टेपच्या शेजारीच असे, झिजून पांढरी पडलेली.

मग त्यांचे कान गेले. आधी डावा, मग उजवाही जवळजवळ. कानाला मशीन लावलं, पण ते म्हणाले, "यात सगळंच ऐकू येतं, म्हणजे काहीच नाही," आणि काढून डब्यात ठेवलं. समोरच्याच्या ओठांकडे पाहून ते बोलणं समजून घेऊ लागले. आयुष्यभर पाठ करून ऐकलेल्या माणसाला आता प्रत्येकाच्या तोंडाकडे पाहावं लागत होतं.

माझे वडील वारले, तेराव्यानंतर मी त्यांची कपाटं आवरली, आणि माझ्या जुन्या पेटीत मूळ कॅसेट सापडली. 'सापडली' हे खरं नाही. ती कुठे आहे, हे मला नेहमीच माहीत होतं. वडील जिवंत होते, तोवर ती बाहेर काढली नाही, इतकंच.

मी ती घेऊन काकांकडे गेलो. दुपार होती. कॅसेट त्यांना दाखवली, बोटाने सांगितलं, ही खरी. त्यांनी ती उलटसुलट करून पाहिली. डबीतल्या कार्डावर अविनाशचं अक्षर होतं. मग लावली, आवाज वाढवला आणि स्पीकरच्या जाळीवर दोन्ही हातांची बोटं ठेवून बसले. खुर्ची या वेळी फिरवली नाही. गाण्यामागून गाणं गेलं. बाहेर रिक्षावाले डोकावून हसत होते. म्हातारबुवा काय लावून बसलेत!

ती जागा आली. टाळ्या, पाय आपटणं. मग अविनाशचा आवाज. काकांची बोटं जाळीवरून उचलली गेली आणि परत टेकली.

"इथं भरलं आता," ते म्हणाले. त्यांनी टेप थांबवली. खुर्ची पुढे ओढून माझ्या तोंडाकडे पाहत विचारलं, "काय म्हणतो?"

मी हळूहळू, एकेक शब्द सुटा करून सांगितलं. ओठ नीट हलवावे लागत होते. बटण मी फिरवलं होतं. तो म्हणतो, की सुधीरने सांगावं. सुधीरने सांगितलं, की तो तुम्हाला पत्र लिहील, घरी येईल. मी तुम्हाला नाही सांगितलं. मी ते कापलं.

काकांनी मान हलवली. समजलं आहे, अशी.

"बटणाचं मला त्याच दिवशी माहीत होतं," ते म्हणाले. "ठिपका त्यानं लावलेला. तो पुढं कसा नेईल?"

"मग त्याला का मारलं?"

"तुझ्या बाबांसमोर तुला मारू?" त्यांनी हे अगदी साधेपणाने विचारलं, जणू खरोखर उत्तर हवं होतं. मग म्हणाले, "कुणाला तरी मारायचं होतं. सगळे बघत होते."

मी खाली पाहत होतो. त्यांनी माझी हनुवटी धरून तोंड वर केलं. मी बोललो तर त्यांना दिसलं पाहिजे, म्हणून. पण तेच बोलले.

"मला वाटायचं, तिथं मला शिव्या असतील. फुकट मार खाल्ला ना पोरानं. म्हटलं, सुधीरनं कापल्या. म्हाताऱ्याला ऐकायला नकोत म्हणून. म्हणून मी पण त्याला कधी लिहिलं नाही. म्हटलं, राग जाऊ दे आधी." मग म्हणाले, "भला माणूस म्हणत होतो तुला, ते त्या कापण्यासाठी."

त्यांच्या आवाजात राग नव्हता. एखादी तार कुठून तुटली, ते सापडल्यावर माणूस बोलतो, तसं ते बोलत होते. मग त्यांनी विचारलं, "आता पत्ता आहे का त्याचा?"

माझ्याकडे वीस वर्षांपूर्वीचा पत्ता होता. मी 'बघतो' म्हणालो. त्या चार ओळींच्या पत्राबद्दल मी त्यांना सांगितलं नाही. तोंड वर होतं, ते माझ्या ओठांकडे पाहत होते, सांगायला याहून सोपी वेळ आली नसती. ते मी इथे पहिल्यांदा लिहितो आहे.

"फिर से लगा," ते म्हणाले. मी टेप मागे नेली. अंधार पडेपर्यंत तेवढाच तुकडा मी मागे नेत होतो आणि काका जाळीवर बोटं ठेवून बसले होते.

त्या हिवाळ्यात ते गेले. जुन्या पत्त्यावर मी दोन पत्रं पाठवली. एक परत आलं. दुसऱ्याचं काय झालं, माहीत नाही. दुकान आता मोबाइलवाल्याकडे आहे. पाटी मी घरी आणली. बायको म्हणते, कुठे लावणार? मी ती गच्चीच्या जिन्यात ठेवली आहे.

दोन्ही कॅसेटी माझ्याकडे आहेत. कधी कधी लावतो आणि काकांसारखा पाठ करून बसतो. मला खांब ऐकू येत नाही, डावीकडे उजवीकडे काही कळत नाही. पण ते नाक ओढणं येतं. मूळ कॅसेटमध्ये ते अविनाशचं बोलणं संपल्यावर लगेच आहे, आणि कॉपीतही आहे, कारण ड्रम सुरू होताच मी पॉज सोडला. बाकी पूर्ण दीड तासात तो एकदाही नाक ओढत नाही. काका त्याला सर्दी म्हणाले होते. 'सॉरी' या एका शब्दासाठी टेप सहा वेळा मागे नेणाऱ्या माणसाला सर्दी कुठली आणि दुसरं काय, हे कळलं नसेल, असं मला वाटत नाही.